मदत हवी आहे: एपीआयचे प्लॅन आणि वापरमर्यादा डेटाबेसमध्ये कशा मांडायच्या?

खडूफळा: पिनकोडवरून पत्ता तपासणारी एपीआय (दुसऱ्यांचे प्रोग्राम जिला कॉल करून उत्तर घेतात ती सेवा) आहे. फुकट प्लॅनमध्ये महिन्याला 1,000 कॉल, छोट्यात 999 रुपयांना 50,000, मोठ्यात 4,999 रुपयांना 3,00,000. वेग सगळ्यांना मिनिटाला 60. छोट्या प्लॅनवर मर्यादेपुढे कॉलमागे 1 पैसा लावायचा विचार आहे. सध्या ग्राहकाच्या टेबलात प्लॅनचं नाव आणि बाकी सगळं कोडमध्ये इफ-एल्स (असं असेल तर हे, नाहीतर ते) अटींमध्ये. टेबलं कशी करावीत?

दशमान: टेबलं नंतर, आधी दर बघा. छोट्या प्लॅनवर कुणी 3,00,000 कॉल केले तर 999 अधिक 2,500, म्हणजे 3,499 रुपये. मग मोठा प्लॅन घेणार कोण? जादा दर 5 पैसे ठेवलात तर 1,30,000 कॉलला दोन्ही बिलं सारखी होतात आणि त्यापुढे मोठा स्वस्त पडतो.

वेगाचंही तेच. मिनिटाला 60 ने फुकटवाल्याचा महिना 17 मिनिटांत संपतो, छोट्याचा 14 तासांत. एखादा लूप चुकला की झालं. उलट मोठ्या ग्राहकाला 20,000 पत्ते तपासायला साडेपाच तास लागतील. पैसे भरूनही तो वैतागणार. फुकटला मिनिटाला 10 आणि दिवसाला 100, मोठ्याला मिनिटाला 600 द्या.

आता टेबलं: प्लॅन, प्लॅनची आवृत्ती, मर्यादा, सदस्यत्व. मर्यादेच्या प्रत्येक ओळीत काय मोजायचं, किती, किती काळात, आणि ओलांडल्यावर अडवायचं की पैसे लावायचे. सदस्यत्व आवृत्तीला जोडा, प्लॅनला नको. नाहीतर 999 चे 1,199 केलेत की जुन्या ग्राहकांची बिलंही बदलतील. रक्कम पैशांत, पूर्णांकात. आणि मोजणी खात्यावर करा, एपीआय-कीवर (कॉल करणाऱ्याची ओळख पटवणारा गुप्त कोड) नको. एकाच खात्यात पाच एपीआय-की काढून पाचपट वापर करणारे भेटतातच.

चाळणी: रेडिसमध्ये (मेमरीत चालणारा वेगवान डेटाबेस) मिनिटागणिक साधा काउंटर ठेवलात तर 59व्या सेकंदाला 60 आणि पुढच्याच सेकंदाला आणखी 60 कॉल आत येतात. टोकन बकेट वापरा (बादलीत ठरलेल्या गतीने टोकन पडतात, प्रत्येक कॉलला एक खर्च होतं, बादली रिकामी तर कॉल अडतो), पण बादली 60 ची नको, तिथेही पहिल्या मिनिटात 120 जातील. बादली 10 ची, सेकंदाला 1 टोकन; म्हणजे कुठल्याही मिनिटात फार तर 70. काउंटर कुठे ठेवलातच तर तो वाढवणं आणि त्याला मुदत लावणं (किती वेळाने तो आपोआप पुसला जाईल) एकाच लुआ स्क्रिप्टमध्ये (रेडिस मध्ये न थांबता चालवतो तो छोटा कोड) करा. मध्येच प्रोसेस मेली तर मुदत लागत नाही आणि ग्राहक कायमचा अडकतो.

अडवताना 429 (‘फार विनंत्या झाल्या’ सांगणारा एचटीटीपी कोड) आणि सोबत रिट्राय-आफ्टर हेडर (किती वेळाने पुन्हा यायचं ते). वेग ओलांडलाय की महिन्याचा कोटा संपलाय, हे उत्तरातल्या एरर कोडवरून कळलं पाहिजे. नाहीतर समोरची लायब्ररी महिनाअखेरपर्यंत आशेने दार ठोठावत बसते.

बिल मात्र रेडिसवरून काढू नका. प्रत्येक विनंतीचा आयडी युनिक ठेवून वेगळी नोंद करा, 5xx उत्तरं (सर्व्हरच्याच चुकीने फसलेले कॉल) वगळा. महिना यूटीसीने (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) मोजलात तर 1 तारखेचे पहाटे साडेपाचपर्यंतचे कॉल मागच्या बिलात जातील. भांडणं तिथूनच येतात.

खडूफळा: दोघांनाही धन्यवाद, 1 पैसा रद्द. एका विनंतीत 100 पत्ते पाठवायची सोय आहे. तो 1 कॉल की 100?

दशमान: 100. मोजमाप ‘कॉल’ नको, ‘पत्ता’ ठेवा आणि दरपत्रकातही तोच शब्द लिहा. जिथे अडवायचं ठरवलंय तिथे 40 शिल्लक असताना 100 आले तर अख्खी विनंती नाकारा. अर्धी केलीत तर कुठले 40 झाले हे शोधण्यात त्यांचा दिवस जाईल, आणि तुमचाही.