मदत हवी आहे: लेस्ली मॅट्रिक्समध्ये बकऱ्यांचा कळप स्थिर का होत नाहीये?

नमस्कार मंडळी, दोन दिवसांपासून अडकलेय, कोणी मॅथ्सवालं असेल तर प्लीज बघा. मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव दारव्हा तालुक्यात, आणि प्रोजेक्टसाठी घरच्याच बेरारी बकऱ्यांचा कळप घेतलाय कारण बाबांच्या वहीत वेताच्या, विक्रीच्या नोंदी आहेत आणि मला खरंच बघायचंय की हे गणित (लेस्ली मॅट्रिक्स, म्हणजे प्रत्येक वयाच्या जगण्याचं आणि पिल्लांचं प्रमाण मांडलेला तक्ता, त्यानं गुणलं की पुढच्या वर्षीची संख्या निघते) आमच्या गोठ्यात चालतं का.

फक्त माद्या मोजल्यात. तीन गट केले, पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं. वर्षाची होईपर्यंत १०० पैकी ८० पाठी (मादी पिल्लं) जगतात, पुढच्या वर्षी त्यातल्या ९० टक्के. तिसऱ्या वर्षातली बकरी सरासरी १.२५ माद्या देते (दोन वर्षांत तीन वेत, बरेचदा जुळी). दुसऱ्या वर्षाचं वेत मी शून्य धरलं, कारण पहिल्या वेताची पिल्लं आमच्याकडे बरीच दगावतात. तिसरं वर्ष संपलं की बकरी विकली असं धरलं, खरं तर चांगली दुधाची असली तर बाबा ठेवतात पण हिशोब सोपा राहावा म्हणून.

आता २०, १०, ५ पासून सुरू केलं. एक वर्षानं ६.२५, १६, ९. मग ११.२५, ५, १४.४. आणि तिसऱ्या वर्षी १८, ९, ४.५, म्हणजे सुरुवातीच्या बरोबर नऊ दशांश, प्रमाण तेच! पुढेही तसंच, तीन-तीन वर्षांनी फिरून तिथंच. मी एक्सेलमध्ये ६० वर्षं चालवलं तरी प्रमाण ठरत नाही. वर्गात तर शिकवलं होतं की सुरुवात काहीही असो, शेवटी वयाचं प्रमाण एका ठिकाणी येऊन थांबतं. मग माझं कुठं चुकतंय?

आणि बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, "हे तं ठीक हाय, पण औंदा पाठी किती इकाच्या थे सांग." त्याचंही उत्तर यातून निघेल का?

प्रतिसाद १:
ताई, गुणाकार तुमचा बरोबर आहे, वेत एकाच वयाला ठेवलंय म्हणून हे होतंय. तुमच्या लॅम्डाचा (कळप दरवर्षी किती पट होतो तो आकडा) तिसरा घात = ०.८ × ०.९ × १.२५ = ०.९, म्हणजे या समीकरणाची तिन्ही उत्तरं, मॅट्रिक्सच्या तिन्ही आयगनव्हॅल्यू, सारख्याच आकाराच्या, कोणी एक वरचढ नाही, मग प्रमाण ठरणार कसं. लेस्ली यांचा पेपर १९४५ चा, पण त्याच्याही आधी १९४१ मध्ये बर्नाडेली यांनी भुंग्यांचं नेमकं असंच उदाहरण दिलं होतं, जगण्याचं प्रमाण १/२ आणि १/३, तिसऱ्या वर्षी ६ पिल्लं, गुणाकार १, आणि संख्या कायम तीन वर्षांच्या फेऱ्यात. वर्गातला नियम पेरॉन-फ्रोबेनियस या प्रमेयावर उभा आहे, त्याला अट आहे: मॅट्रिक्स अशी फेऱ्यात अडकणारी नसावी. लागून असलेल्या दोन वयांना वेत असलं की ती अट पूर्ण होते.

पहिलं वेत शून्य धरू नका. दगावणारी पिल्लं वजा करून ०.५ जरी टाकलं तरी लॅम्डा साधारण १.१० येईल, बाकीच्या दोन आयगनव्हॅल्यूंचा आकार ०.९०. म्हणजे चढउतार दरवर्षी ०.८२ पटीनं विरतात, दहा वर्षांत १४ टक्क्यांच्या आसपास उरतात. प्रमाण शेवटी ४३, ३१, २६ टक्क्यांवर थांबतं.

धागालेखिका:
खूप खूप आभार दादा, आत्ता टाकून बघितलं, खरंच थांबतंय! मी शून्य टाकताना इतका विचारच केला नव्हता.

बाबांच्या प्रश्नाचं पण काढलं. एका पाठीमागे आयुष्यभरात ०.८ × ०.५ अधिक ०.८ × ०.९ × १.२५, म्हणजे १.३ माद्या. कळप आहे तेवढाच ठेवायचा तर हे १ वर आणायचं, म्हणजे वर्षाच्या झालेल्या १०० पाठींतल्या २३ विकता येतात. बाबा म्हणाले, साधारण तेवढ्याच इकतो.

आता एकच अडलंय. पाऊस दगा देतो त्या वर्षी चारा नसतो, तेव्हा ०.८ चं ०.६ होतं असं धरलं तर १.३ चं ०.९७५ होतं, म्हणजे एकही पाठ न विकता कळप घटीला लागतो. पण असं वर्ष कधीमधीच येतं, मग दरवर्षी वेगळी मॅट्रिक्स गुणायची का, आणि लांबचा वाढीचा दर कसा काढायचा? दोन्ही लॅम्डांची सरासरी घेतली तर चालेल का?