'फुटीर पंथ' की आणखी काही? (मॉर्मन इतिहासातले शब्द)

प्रश्न

मॉर्मन (जोसेफ स्मिथने अमेरिकेत स्थापन केलेला ख्रिस्ती पंथ) इतिहासावर मराठीत एक लेख लिहितोय. स्मिथनंतर त्याचा वारस असल्याचा दावा करणाऱ्या जेम्स स्ट्रँगच्या अनुयायांना मी 'फुटीर पंथ' म्हटलंय आणि स्ट्रँगला 'प्रेषित'. कच्चा मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने दोन्ही शब्दांवर खुणा केल्या. 'संप्रदाय' चालेल का? की सरळ 'शाखा' म्हणावं?

प्रतिसाद

आधी 'प्रेषित' घेऊ, कारण तिथे गफलत झाली तर पुढचं काहीच कळत नाही. एरवी आपण प्रेषित आणि संदेष्टा हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. मराठी बायबलमध्ये मात्र भेद पक्का आहे. यशया, यिर्मया हे संदेष्टे. पेत्र, योहान वगैरे येशूचे बारा जण ते प्रेषित. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचं नावच त्यावरून पडलंय.

मॉर्मन मंडळीत (म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये) ही दोन्ही पदं होती आणि ती वेगळी होती. जोसेफ स्मिथ हा संदेष्टा, त्याच्या हाताखाली बारा प्रेषितांची सभा. २७ जून १८४४ ला इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात शिरून जमावाने जोसेफला आणि त्याचा भाऊ हायरमला ठार मारलं. मागे प्रश्न उरला तो हाच: संदेष्ट्याच्या जागी दुसरा संदेष्टाच हवा, की प्रेषितांनी मिळून कारभार चालवायचा? ८ ऑगस्टला नावू गावच्या सभेत दुसरा दावेदार सिडनी रिग्डनला बाजूला सारून लोकांनी बारा प्रेषितांचा प्रमुख ब्रिगहॅम यंग आणि त्याच्या सोबत्यांच्या बाजूने कौल दिला. स्ट्रँगचा दावा याच्या अगदी विरुद्ध होता. जोसेफने आपल्यालाच नेमलंय आणि देवदूताने अभिषेकही केलाय, असं तो सांगत होता. आता स्ट्रँगही 'प्रेषित' आणि यंगही 'प्रेषित' असं लिहिलंत, तर भांडण कशावरून होतं हे वाचकाला कसं कळणार? तेव्हा स्मिथ आणि स्ट्रँगसाठी 'संदेष्टा', यंग आणि त्याच्या सोबत्यांसाठी 'प्रेषित'.

'फुटीर' मात्र मला इथे साफ अमान्य आहे. आपल्याकडे फुटीर म्हटलं की पक्ष सोडून गेलेला आमदार आठवतो. त्या शब्दातच ठपका आहे. शिवाय फुटायला आधी एक धड मूळ लागतं. १८४४ च्या त्या उन्हाळ्यात मूळ कोणतं, हाच तर वाद होता. यंगचा गट पुढे यूटात जाऊन मोठा झाला, म्हणून मागे वळून बाकीच्यांना फुटीर ठरवणं म्हणजे निकाल आधी लावून मग खटला ऐकणं. खरं तर हा गादीचा वाद आहे. गादी, वारस, दावेदार, नेमणूक हे शब्द मराठीला परके नाहीत, तेच वापरा.

जोसेफने आपल्याला वारस नेमल्याचा पुरावा म्हणून स्ट्रँग दाखवत असे ते नेमणुकीचं पत्र तर बारकाईने बघण्यासारखं आहे. त्यावर तारीख १८ जून १८४४, म्हणजे खुनाच्या नऊ दिवस आधीची. वर नावूच्या टपालाचा १९ जूनचा शिक्का. मजकूर छापील वळणाच्या अक्षरात, आणि खालची सही जोसेफच्या हस्ताक्षराशी जुळत नाही. स्ट्रँग तेव्हा ३१ वर्षांचा वकील होता आणि त्याचा बाप्तिस्मा त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेला. तरीही जुनी जाणती माणसं त्याच्याकडे गेली: जोसेफचा धाकटा भाऊ विल्यम, मॉर्मन ग्रंथाचा साक्षीदार मार्टिन हॅरिस, बारा प्रेषितांपैकी जॉन पेज. सप्टेंबर १८४५ मध्ये विस्कॉन्सिनातल्या व्होरी इथे त्याने दाखवलेल्या ओकच्या झाडाखाली चार जणांनी खणलं आणि पितळेचे तीन छोटे पत्रे निघाले. मॉर्मन ग्रंथ जमिनीतून मिळालेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आला, ही जोसेफची कथा ज्यांच्या श्रद्धेचा पाया होती, त्यांना ही खूण किती मोठी वाटली असेल याचा विचार करा. या लोकांना 'फुटीर' म्हणून एका शब्दात निकालात काढू नये, असं मला मनापासून वाटतं.

'संप्रदाय' व्युत्पत्तीने छान बसतो: सम्, प्र आणि दा, म्हणजे गुरूने शिष्याच्या हाती दिलेलं. पण त्यात पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा गृहीत आहे आणि ती इथे नाही. मी 'पंथ' एवढंच लिहीन. महानुभावांकडे शिष्यशाखेला 'आम्नाय' म्हणतात. सुंदर शब्द आहे, पण तो त्यांचाच राहू द्यावा.

प्रश्नकर्ता

पटलं. पण त्याचा पुढे राज्याभिषेक झाला ना? तिथे 'राजा' लिहू की 'स्वयंघोषित राजा'? आणि 'फुटीर' मग कुठेच नको का?

प्रतिसाद

'स्वयंघोषित' काढा. मिशिगन सरोवरातल्या बीव्हर बेटावर ८ जुलै १८५० ला अनुयायांसमोर समारंभ झाला. लाल झगा घातलेल्या स्ट्रँगच्या डोक्यावर मुकुट ठेवला तो जॉर्ज ॲडम्सने, जो पेशाने नट होता. अनुयायांच्या दृष्टीने हे देवाचं राज्य होतं, अमेरिकेविरुद्ध बंड नव्हे. हाच राजा पुढे मिशिगनच्या विधिमंडळात निवडूनही गेला. 'पंथाचा राजा' लिहा.

बहुपत्नीत्वाला त्याने आधी उघड विरोध केला होता. मग १८४९ मध्ये त्याने एल्व्हिरा फील्डशी गुपचूप दुसरं लग्न केलं आणि तिला पुरुषी वेशात, 'चार्ली डग्लस' या नावाने, आपला चिटणीस म्हणून सोबत फिरवलं. अनेकांची श्रद्धा इथेच ढळली. १६ जून १८५६ ला बेटाच्या धक्क्यावर त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ९ जुलैला व्होरीत तो वारला, पण वारस न नेमता. अनुयायांना जमावाने बेटावरून हुसकून लावलं. छोटासा पंथ विस्कॉन्सिनात अजून आहे.

'फुटीर' लावायचाच तर जेसन ब्रिग्स आणि झेनस गर्ली यांना लावता येईल. स्ट्रँगला मानून नंतर ते बाहेर पडले. बहुपत्नीत्व त्यांना मान्य नव्हतं, आणि गादी जोसेफच्या मुलाची असं त्यांचं मत झालं. तो मुलगा, तिसरा जोसेफ स्मिथ, १८६० मध्ये ॲम्बॉय गावी त्यांचा प्रमुख झाला.

यूटा-ॲरिझोना सीमेवरच्या शॉर्ट क्रीकवाल्यांना मात्र 'फुटीर' नको. यूटातल्या मुख्य मंडळीने १८९० मध्ये बहुपत्नीत्व थांबवण्याचं जाहीर केल्यावरही ते सोडायला जे तयार नव्हते, त्यांना पुढे मंडळीने स्वतःच बाहेर काढलं. त्यांच्यासाठी 'बहिष्कृत' हाच शब्द घ्या.