चिपळूणला भाड्याने फ्लॅट : तळमजला घ्यावा का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या बहिणीची चिपळूणला बदली झाली आहे. ती शिक्षिका आहे आणि आई तिच्यासोबत राहणार आहे. आम्ही साताऱ्याकडचे, तिकडे ओळखीचं कुणी नाही, म्हणून इथे विचारते आहे.

आईचे दोन्ही गुडघे गेलेत, जिना चढायचा म्हणजे तिला दर दोन पायऱ्यांनी थांबावं लागतं. बजेट आठ-नऊ हजारांचं. त्यात लिफ्ट असलेली इमारत अजून मिळालेली नाही. जे परवडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, नाहीतर तळमजल्यावर.

चिंचनाक्याजवळ तळमजल्याचा एक वन बीएचके बघितला. भाडं ८,५००, डिपॉझिट ३०,०००. हवेशीर आहे, शाळा चालत जाण्याइतकी जवळ, पाणी रोज येतं. पण आत गेल्यावर दिसलं की घरातली सगळी बटणं आणि प्लग पॉइंट खांद्याच्या उंचीवर नेऊन बसवलेत. खालच्या जुन्या जागा सिमेंटने बुजवून वर रंग मारलाय. स्वयंपाकघरातल्या लोखंडी दाराला कमरेच्या वरपर्यंत गंज, त्याच्या वर स्वच्छ. मालकांना विचारलं तर म्हणाले, "ते २०२१ चं, तसं काही दरवर्षी होत नाही."

२२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत तळमजलेच्या तळमजले बुडाले होते हे माहीत आहे. २००५ लाही पाणी भरलं होतं. वाशिष्ठी नदीला पूर, वरून धरणाचं पाणी आणि त्यात खाडीची भरती एकत्र आली की रात्रीतून पाणी चढतं म्हणतात. बहीण शाळेत असताना आई घरात एकटी असेल आणि ती धावत वर जाऊ शकत नाही. मला खरी भीती ह्याचीच आहे, सामानाची नाही.

तेव्हा चिपळूणकरांनो, कृपा करून सांगा, गावात असा कुठला भाग आहे जिथे २०२१ लाही तळमजल्यात पाणी शिरलं नाही? पाग, कापसाळ, वालोप्याची स्टेशनकडची बाजू अशी नावं ऐकली, पण एकाच भागात एक गल्ली उंचावर आणि पुढची खोलगट असू शकते. गल्लीनिशी सांगितलंत तर फार उपयोग होईल. शाळेपासून थोडं लांब पडलं तरी चालेल, बहीण स्कूटर चालवते.

दुसरी अडचण करारनाम्याची. मालक म्हणतात ५०० च्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करू, "इथे रजिस्टर कुणी करत नाही." पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. खर्चही फार नाही. अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यावर, आणि डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के धरून येणाऱ्या रकमेवर, पाव टक्का मुद्रांक शुल्क. आमच्या हिशेबाने तीनशेच्या आतच बसतं. नगरपरिषद हद्दीत नोंदणी फी १,०००, शिवाय नोंदणी करून देणाऱ्या एजंटचे जे काही पैसे असतील ते. सगळं आम्ही भरायला तयार आहोत. ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठ्यावर. तरी ते तयार नाहीत. दोघीच बायका राहणार, कागद पक्का असावा असं मला मनापासून वाटतं. गॅससाठी आणि बँकेत पत्ता बदलायलाही तो लागेलच.

मालकाला न दुखावता हे कसं पटवावं? लहान गावात कुणी पटवलं असेल तर काय बोललात ते सांगा. की अशा मालकाचं घर सोडूनच द्यावं? आणि कराराच्या मुदतीत घरात पाणी शिरलं तर नोटीस न देता जागा सोडता येईल आणि डिपॉझिट पूर्ण परत मिळेल, असं कलम कुणी घातलं आहे का? शब्दरचना असेल तर इथेच टाका.

मालकांना रविवारपर्यंत कळवायचं आहे, टोकन अजून दिलेलं नाही. लिफ्टच्या इमारतीतला फ्लॅट किंवा उंच भागातला तळमजला कुणाच्या माहितीत असेल तर विचारपूस करा प्लीज.