स्प्रिंट ट्रायथलॉन: पोहणं कच्चं असलं तरी करा

एकाने विचारलंय की रनिंग आणि सायकलिंग बरं होतंय पण पोहणं कच्चं आहे, आणि सायकल साधी हायब्रीड (रोड आणि माउंटन बाईकच्या मधली) आहे, तर पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं सलग करायची छोटी शर्यत, करावी का. करा हो, बिनधास्त करा! ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं, यात सगळ्यात कमी वेळ पोहण्यालाच लागतो पण टेन्शन पण त्याचंच येतं. २५ मीटरच्या पूलमधे ३० लेंथ न थांबता जमल्या की स्पीडचं सोडा, मधून मधून डोकं वर काढून समोर बघायची सवय लावा कारण तलावात तळाला रेघ नसते, सरळ जातोय असं वाटतं आणि भलतीकडेच जातो आपण. पण त्या प्रॅक्टिससाठी सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावात एकटं उतरू नका, कळकळीने सांगतोय.

हायब्रीड चालते, टायरमधे हवा नीट ठेवा. सायकलवरून उतरून लगेच पळायचं, याला ब्रिक म्हणतात, ते आठवड्यातून एकदा कराच. सुरुवातीला पाय दगडासारखे होतात, मग हळूहळू सुटतात, म्हणून पहिला किमी मुद्दाम सावकाश. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमधे पारा ४० च्या वर जातो तेव्हा हे सगळं पहाटेच उरका.

अजून एक, शर्यतीत पोहून आल्यावर हेल्मेटचं बक्कल लावल्याशिवाय रॅकवरची (सायकली लावायच्या स्टँडवरची) सायकल हलवायची नाही आणि सायकलिंग करून परत आल्यावर सायकल रॅकला लावूनच बक्कल काढायचं, नाहीतर पेनल्टी बसते. घरीच चार-पाच वेळा करून बघा.