शिळावर्तुळांचं थ्रीडी मॉडेल टाका, पण मॅपवर पिन नको

वावरातली_शिळा:
जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा... नागपूर जिल्ह्यातल्या या ठिकाणी लोहयुगातली दफनं आहेत, भोवती मोठ्या दगडांचं वर्तुळ असलेली, म्हणजेच शिळावर्तुळं. अशी कितीतरी वर्तुळं खाजगी वावरात आहेत आणि त्यांचे दगड धुऱ्याला, गिट्टीला जातात. मोबाईलने चहूबाजूंनी फोटो काढून, सॉफ्टवेअरने ते जुळवून थ्रीडी मॉडेल करायलाच हवं आणि नेटवर टाकायलाच हवं. पण नेमकी जागा उघड करू नका, गुप्तधनवाले टपलेलेच आहेत. आत लोखंडी हत्यारं, मणी, मडकी निघतात, सोन्याचा हंडा नाही. पण हे त्यांना कळेपर्यंत दफन उद्ध्वस्त झालेलं असतं.

धुऱ्यावरचा:
अजिबात पटलं नाही. गुप्तधनवाल्याला जागा गावातूनच कळते. पिन नसली की नडतं ते पांदण रस्ता नि शेततळं आखताना, कारण नकाशात तिथे काहीच दिसत नाही. मग जेसीबी फिरतो. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती निदान १०० मीटर बांधकामबंदी असते, वावरातल्या वर्तुळाला तीही नाही.

वावरातली_शिळा:
मग गट नंबरासह लेखी नोंद तलाठ्याकडे आणि पुरातत्त्व विभागात द्या की, साऱ्या जगाला कशाला? शिवाय जागा फोटोतूनही फुटते. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर फाइलमध्ये अक्षांश-रेखांश बसतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ते गळतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसेच जातात. मॉडेलच्या कडेला टेकडी, टॉवर दिसत असेल तर तेवढा भाग कापा.

काठीवरचा_कॅमेरा:
पिनेचं ठरेल तेव्हा ठरेल, आधी मॉडेल मोजण्यालायक करा. पावसाळ्यात जाऊ नका: गवत दगड झाकतं, वाऱ्याने हलतं आणि सॉफ्टवेअरला फोटो जुळवता येत नाहीत. गवत वाळल्यावर, ऊन चढायच्या आत किंवा ढगाळ दिवशी घ्या. दोन फेऱ्या मारा, एक छातीच्या उंचीवरून, दुसरी काठीला मोबाईल बांधून वरून. लागोपाठच्या फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सामायिक हवा. लेन्स एकच ठेवा. मोबाईल आपोआप वाइडवर गेला की कडा वाकतात. एक मीटरच्या दोन खुणेच्या पट्ट्या काटकोनात ठेवा, नाहीतर मॉडेलला माप नाही. शेंदूर लावलेला दगड चमकतो, तिथे फ्लॅश नको. दगडावरचे वाटीसारखे खळगे भरदुपारी सपाट दिसतात, त्यांच्यासाठी तिरपा उजेड घेऊन वेगळे फोटो काढा. आणि मूळ फोटो पुसू नका. उद्या चांगलं सॉफ्टवेअर आलं तर त्यांतूनच नवं मॉडेल होईल.

धुऱ्यावरचा:
मापाचं सगळं मान्य. पण कार्यालयातल्या फायलीतली नोंद जेसीबीवाल्याला दिसत नाही. शेतमालकाला विचारून ग्रामसभेत मॉडेल दाखवा, गट नंबरासह ठराव घ्या, पंचायतीच्या भिंतीवर नकाशा लावा. माझं मत तेच, पिन हवीच.