मदत हवी आहे: अलास्कात सॅमनच्या बोटीवर काम आणि पुढे मासळी विक्री

नमस्कार मंडळी. मी सिएटलला असतो, ग्रीन कार्ड आहे, मूळ गाव हर्णै. येत्या जूनमध्ये अलास्कातल्या ब्रिस्टल बेला सॉकाय जातीच्या सॅमनच्या गिलनेट (मासा कल्ल्यांत अडकवणारं जाळं) बोटीवर खलाशी म्हणून जायचं ठरवलंय. आपल्याकडे पावसाळी बंदी असते, नेमका त्याच जून-जुलैत तिथला मुख्य हंगाम असतो.

तिथे स्वतः मासेमारी करायचं परमिट सध्या आवाक्याबाहेर आहे. १९७३च्या कायद्याने परमिटांची संख्या मर्यादित केली, त्यामुळे कुणाकडून तरी विकतच घ्यावं लागतं. पण तिथली शिस्त मला मनापासून पटते. अंडी घालायला किती मासे नदीत चढले ते काठावरच्या मनोऱ्यांवरून मोजतात आणि त्यावर जाळी कधी टाकायची ते ठरतं. सॅमनची शेती तर अलास्कात १९९० पासून बंदच आहे.

कुणी अशा बोटीवर काम केलंय का? नवख्याला तांडेल (बोटीचा कप्तान) कसा गाठावा? हिश्श्यावर गेलो तर डिझेल, खाणं वजा करून हातात काय उरतं? करार लेखी मागितला तर चालतं ना?

दुसरं म्हणजे विक्री. मासा जाळ्यातून काढल्याबरोबर कल्ले कापून रक्त काढलेला, लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवलेला असाच माल मला आपल्या लोकांना द्यायचा आहे, डोक्यासकट, काट्यासकट तुकड्या करून. बोटवाल्याकडून घेऊन वॉशिंग्टन राज्यात घरोघरी विकायला कुठले परवाने लागतात? गोठवलेला माल नॅकनेकहून (ब्रिस्टल बेवरचं गाव) सिएटलला आणायला परवडणारा मार्ग कोणता? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा, फोनवर बोलायचीही तयारी आहे.