लहरी 'ऐकणे' : रूपांतर म्हणावे की आणखी काही?

प्रश्न : शाळकरी मुलांसाठी लेख लिहितो आहे. 'रेडिओ विद्युतचुंबकीय लहरींचे ध्वनीत रूपांतर करतो' हे वाक्य बरोबर आहे का? अवकाशातून येणाऱ्या लहरींबद्दलही हेच लिहिले तर चालेल का?

प्रतिसाद : रेडिओसाठी हे वाक्य अपुरे आहे. आकाशवाणीचे मुंबईचे अस्मिता केंद्र ५५८ किलोहर्ट्झवर, म्हणजे त्याची वाहक लहर (आवाज वाहून आणणारी लहर) सेकंदाला ५,५८,००० वेळा हेलकावते. आपला कान साधारण २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा. ती लहर थेट इअरफोनला जोडली तर काहीच ऐकू येणार नाही. निवेदकाचा आवाज त्या लहरीच्या उंचीतल्या चढउतारात असतो. ओए७९ सारखा जर्मेनियम डायोड लहरीची एक बाजू छाटतो, शेजारचा छोटा कंडेन्सर बारीक हेलकावे गिळतो आणि मागे राहतो तो फक्त चढउतार. हवा हलते ती त्यानंतर, इअरफोनच्या पडद्याने. रूपांतर खरे तर या शेवटच्या पायरीवर होते. त्याआधी होते ती उकल.

मॉड्युलेशनला, म्हणजे आवाजाप्रमाणे लहरीत चढउतार घडवण्याला, परिभाषेत 'विरूपण' हा शब्द आढळतो, पण मुलांना त्यात 'विद्रूप करणे' ऐकू येईल. 'आवाज लहरीवर चढवणे' आणि 'उतरवून घेणे' असे सरळ लिहा. रेडिओ दुरुस्ती करणारे तर उतरवून घेणाऱ्या भागाला 'डिटेक्टर'च म्हणतात, तोही शब्द ठेवायला हरकत नाही.

प्रश्नकर्ता : 'चढवणे-उतरवणे' पटले. मग निव्वळ 'रूपांतर' कुठेच बसत नाही का?

प्रतिसाद : बसते, आणि ते उदाहरण लेखात जरूर घ्या. पहिल्या महायुद्धात जर्मन बाजूचे लोक शत्रूचे फील्ड टेलिफोन चोरून ऐकत असत. त्यांना मध्येच वरून खाली घसरत जाणारी शिट्टी ऐकू यायची. तोफगोळे उडताना ऐकू येतात, असे सैनिक म्हणत. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन यांनी १९१९ मध्ये त्याबद्दल लिहिले आणि एल. आर. ओ. स्टोरी यांनी १९५३ मध्ये उलगडा केला. विजेच्या कडकडाटातून निघालेल्या लहरी पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांना धरून दूर अवकाशात जातात आणि दुसऱ्या गोलार्धात उतरतात. त्या वाटेवर जास्त कंपनांच्या लहरी आधी पोहोचतात, कमी कंपनांच्या मागे रेंगाळतात. म्हणून स्वर खाली घसरतो.

या लहरी मुळातच काही हजार हर्ट्झच्या, म्हणजे कानाच्या टप्प्यातल्या. उकलायला काही नाही. लांब तार, ॲम्प्लिफायर, इअरफोन, बस्स. मात्र त्यांना 'ध्वनिलहरी' लिहू नका. ५,००० हर्ट्झची विद्युतचुंबकीय लहर ६० किलोमीटर लांब असते, तेवढ्याच कंपनांचा हवेतला ध्वनी जेमतेम ७ सेंटिमीटरचा. कंपने तीच, वस्तू निराळी. 'रूपांतर' शब्द इथे पुरेपूर शोभतो.

दुसरे वाचक : नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणी स्पंदक ताऱ्यांच्या (पल्सर, म्हणजे वेगाने फिरत ठरावीक लयीत लहरी पाठवणारे तारे) लहरी टिपतात. तिथे 'ताऱ्याचा आवाज' म्हणावे का?

प्रतिसाद : 'आवाज' नको, 'ठोके' म्हणा. व्हेला स्पंदक सेकंदाला सुमारे ११ वेळा फिरतो. त्याच्या रेडिओ लहरी कानाच्या टप्प्याच्या कितीतरी पलीकडच्या, पण त्यांचा जोर दर फेरीला वाढतो आणि ओसरतो. ती चढउतार स्पीकरला दिली की टकटक ऐकू येते. म्हणजे हे काम अस्मिता केंद्र ऐकण्याच्या जातीचे, उकलीचेच.

नासाच्या 'चंद्रा' या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या चमूने २०२० मध्ये आकाशगंगेच्या केंद्राचे जे 'ऐकवले' ते मात्र वेगळे. चित्र डावीकडून उजवीकडे वाचायचे, वरच्या ठिपक्याला उंच स्वर, जास्त तेजाला मोठा आवाज, असे नियम माणसांनी ठरवले. त्याला मी 'स्वरबद्ध केले' म्हणेन. 'आकाशगंगेचा आवाज' असा मथळा दिला तर मुलांना वाटेल की तिथे कुणी माइक धरला होता.